पंचगंगेची पातळी कळते, पूररेषा कळत नाही

जुलै महिना उजाडला की कोल्हापुरात एकच प्रश्न घरोघरी ऐकू येतो : 'राजारामला किती?' कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंचांवर आहे, एवढेच विचारणाऱ्याला हवे असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे रिक्षावाल्यालाही पाठ असते आणि पेठेतल्या आजीलाही. पाणी शिवाजी पुलाच्या खांबांवर ठरावीक उंचीला टेकले की 'मच्छिंद्री झाली' असे म्हणतात आणि तेवढ्यावर ऐकणारा काय ते समजतो. राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला, सुतारवाड्यातली कुटुंबे हलवली, चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे बाहेर काढली, अशा बातम्यांच्या क्रमावरून नदी कुठवर आली असेल याचा अंदाज शहर घरात बसून बांधते. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, २०२१ मध्ये तिने ५६ फूट गाठले. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. त्या दिवसांतही बहुतेकांच्या हातात असलेली माहिती हीच होती : आकडे, जागांची नावे आणि दोन-चार क्रियापदे.

कोल्हापूरचा पूर असा पूर्वापार सांगण्या-ऐकण्याचा आहे. त्यामुळे या एका बाबतीत शहरातला अंध माणूस डोळस माणसाच्या मागे पडत नाही. पाणीपातळीचा संदेश साध्या मजकुराच्या रूपात आला, की त्याच्या फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, तो वाचून दाखवतो. सरावलेली मंडळी या आवाजाचा वेग इतका वाढवून ठेवतात, की शेजारी बसलेल्याला हे मराठी चालले आहे हेही पटकन उमगत नाही. बाकीचे चष्मा शोधत असतात, तोवर या मंडळींना सकाळी सातची पातळी, विसर्ग आणि पाण्याखाली गेलेले बंधारे कळलेले असतात. अडचण सुरू होते ती तोच संदेश कुणीतरी देखण्या पार्श्वभूमीवर, निळ्या लाटांच्या चित्रात बसवून 'इमेज' म्हणून पुढे पाठवतो तेव्हा. फोन म्हणतो, 'फोटो'. आणि गप्प होतो.

पण खरी गोम पुढे आहे. नदीची पातळी कळल्यावर माणूस साहजिकच विचारतो, की हे पाणी माझ्या घरापर्यंत येणार का? याचे उत्तर आकड्यात नसते, नकाशात असते.

जलसंपदा विभाग नदीकाठच्या गावांसाठी दोन पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी-शर्ती. दोन महापुरांनंतर कोल्हापुरात या रेषा म्हणजे निव्वळ अभियंत्यांचा विषय उरलेल्या नाहीत. जागेचा भाव, बांधकाम परवाना, वाटण्यांवरून होणारी भांडणे, सगळे त्यांच्याभोवती फिरते. गुंठाभर जागा घेणाराही आधी विचारतो, 'निळ्यात येतंय का?' आता गंमत अशी, की या रेषांची नावेच रंगांची आहेत आणि त्या पाहायला मिळतात त्या बहुतेक पीडीएफमध्ये. कागदावरचा नकाशा स्कॅन करून चढवलेला असला, तर स्क्रीन रीडरला त्या पानावर काहीच सापडत नाही; त्याच्या लेखी ते पान कोरे असते. सोबतची सूचना जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आणखी मजा. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते आणि कानावर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाऊस पडतो. पूररेषेच्या आत घर असलेल्या अंध मालकाला आपण आत आहोत की बाहेर, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनीच कळते. तो दुसरा कधी सख्खा भाऊ असतो, कधी जागेचा दलाल.

हलता नकाशा, म्हणजे बोटाने सरकवायचा, लहान-मोठा करायचा नकाशा, यापेक्षा बरा असेल असे वाटते. तसे नाही. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर जगभरचे अंध लोक संगणकावर वापरतात. मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ पासून तो घडवला आणि तो फुकट आहे. त्यात 'एच' दाबले की पुढचे शीर्षक, 'टी' दाबले की पुढचा तक्ता, 'जी' दाबले की पुढचे चित्र सापडते. नीट बांधलेल्या पानावर हे लोक भराभर फिरतात. नकाशाच्या पानावर मात्र ऐकू येते ते असे : 'बटण, झूम इन. बटण, झूम आउट. ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक.' याचे कारण साधे आहे. ऑनलाइन नकाशा हे सहसा एक चित्र नसते, चौकोनी तुकड्यांची फरशी असते. पुष्कळदा २५६ गुणिले २५६ पिक्सेलचा एकेक तुकडा. रस्ता, नदी, पेठ, पूल हे सारे त्या तुकड्यांत रंगवलेले असते, लिहिलेले नसते. ठिपक्यावर माउस नेला की माहितीची चौकट उघडते. पण अंध माणूस माउस वापरत नाही, तो कळफलकावर चालतो, आणि कळफलकाने त्या ठिपक्यापर्यंत जायची वाटच बांधणाऱ्याने ठेवलेली नसते.

केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजाच्या संकेतस्थळावर देशभरातली केंद्रे रंगीत खुणांनी दाखवली जातात. पिवळा म्हणजे इशारा पातळीच्या वर, नारिंगी म्हणजे धोका पातळीच्या वर, लाल म्हणजे आजवरचा उच्चांकही मोडलेला. या आयोगाचे कौतुकही केले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने 'फ्लडवॉच इंडिया' हे अॅप आणले, तेव्हा माहिती लिखित आणि ध्वनी अशा दोन्ही रूपांत देण्याची सोय पहिल्याच दिवसापासून ठेवली. सरकारी अॅपमध्ये ही दुर्मीळ समज आहे. फक्त तो आवाज सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदीत होता. कुरुंदवाडच्या माणसाला कृष्णेची आणि पंचगंगेची खबर मराठीत ऐकायला मिळावी, ही काही फार मोठी मागणी नव्हे. हवामान खात्याचे 'ऑरेंज अलर्ट'ही रंगांचेच, पण तिथे रंगाचे नाव शब्दात येते, पुढे जिल्ह्याचे नाव येते आणि काम भागते. ज्याने नारिंगी रंग आयुष्यात पाहिलेला नाही, तोही त्या दिवशी छत्री घेऊन निघतो किंवा निघतच नाही.

आलेखांची कथा वेगळी नाही, उलट सोपी आहे, कारण आलेखाच्या मागे नेहमी एक तक्ता असतो. आलेख काढणाऱ्याने तो तक्ता आधी भरलेलाच असतो. मग तो फेकून देऊन फक्त चित्र लोकांपुढे ठेवायचे, हा उरफाटा व्यवहार कशासाठी? चित्राखाली तक्ता ठेवला, त्याच्या स्तंभांना आणि ओळींना मथळे दिले, की स्क्रीन रीडर प्रत्येक खान्यात वार आणि वेळ सांगत पुढे जातो. चित्राला जो पर्यायी मजकूर जोडायचा असतो, तिथे बहुतेक ठिकाणी 'पाणीपातळीचा आलेख' एवढेच लिहिलेले आढळते. हे म्हणजे बातमीच्या जागी 'बातमी' असे छापण्यासारखे झाले. समजा, आठवड्याच्या पातळीचा आलेख आहे. तर तिथे लिहावे : 'सोमवारी सकाळी ३१ फुटांवर असलेल्या पंचगंगेने गुरुवारी रात्री ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. शनिवारी पहाटे ती ४२ फूट ६ इंचांवर पोचली, दिवसभर स्थिर राहिली आणि रविवारपासून उतरू लागली. धोका पातळी ओलांडली नाही.' तीन वाक्ये. ती लिहायला बातमीदाराला दोन मिनिटे लागतात, आणि खरे सांगायचे तर डोळस वाचकही आलेखाऐवजी हीच वाक्ये आधी वाचतो.

हे होऊ शकते याचा दाखला २०२० मध्ये मिळाला. कोविडच्या पहिल्या लाटेत साऱ्या जगाचे डोळे लाल वर्तुळांच्या नकाशांवर खिळले होते. टायलर लिटलफिल्ड या अमेरिकी अंध प्रोग्रॅमरला त्या नकाशांतून काहीच वाचता येईना. त्याने तीच आकडेवारी घेऊन साध्या तक्त्यांचे संकेतस्थळ स्वतः उभे केले. सरकारे आणि विद्यापीठे यांच्याकडे मनुष्यबळ होते, पैसा होता; सुचले ते मात्र एकट्याला, कारण अडले त्याचेच होते.

तक्ता पुरे आहे, पण आलेखाचा आकारही कळावा असे वाटणाऱ्यांसाठी एक वाट आता चांगली मळली आहे : आलेख ऐकवण्याची. आकडा जितका मोठा तितका स्वर चढा, आणि काळ पुढे सरकेल तसा आवाज डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे. प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या वांडा दियाझ-मर्सेड या अंध खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांकडून आलेली आकडेवारी अशी ऐकून संशोधन केले. नॉर्वेच्या हायचार्ट्स कंपनीने अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या मदतीने आलेखांना आवाज देण्याचे साधन बनवले आणि अॅपलने २०२१ मध्ये आयफोनच्या प्रणालीत ही सोय घातली. देवल क्लबच्या गाण्याच्या बैठकींनी १८८३ पासून कान तयार केलेल्या आणि अल्लादिया खाँसाहेबांची गायकी मुरवलेल्या शहराला हे अवघड जाऊ नये. पाणी हळूहळू चढते आहे की एका रात्रीत उसळले आहे, हा फरक तीन सेकंदांच्या स्वरांत कानाला जितका चटकन कळतो, तितका तक्त्यातले चाळीस आकडे ऐकून कळत नाही. स्वर आणि आकडे दोन्ही द्यावेत, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये, हे मात्र सांगून ठेवलेले बरे. आपल्याकडे नवे खेळणे आले की जुनी कामाची वस्तू माळ्यावर जाते.

नकाशाचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे आणि तो सोपा असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. नकाशा सगळे एकदम दाखवतो. वाक्ये एकामागून एक येतात. रंकाळा कुठे, जयंती नाला कुठून कसा वळतो, दसरा चौक त्याच्या कोणत्या अंगाला, हे सारे एका नजरेत पाहणाऱ्याला जे मिळते ते शब्दांनी तंतोतंत देता येत नाही. बोटांनी मात्र बरेचसे देता येते. बोस्टनच्या सॅम्युअल ग्रिडली हाउ यांनी १८३७ मध्येच अंधांसाठी उठावाच्या रेषांचा अमेरिकेचा नकाशासंग्रह छापला होता. सॅन फ्रान्सिस्कोत जोशुआ मीले या अंध शास्त्रज्ञाने अशी व्यवस्था तयार केली, की पत्ता दिला की त्या परिसराचा स्पर्शनकाशा छापून मिळतो. ब्रँडन बिग्ज हा आणखी एक अंध संशोधक. त्याच्या 'ऑडिऑम' नकाशात कळफलकाच्या बाणांनी चालायचे आणि पायाखाली रस्ता आहे, हिरवळ आहे की पाणी, हे आवाजावरून ओळखायचे. दिल्लीच्या आयआयटीतून निघालेली रेझ्ड लाइन्स फाउंडेशन ही संस्था शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या बोटांना वाचता येतील अशा बनवते.

आणि आपल्या शाळांत? परीक्षेत अंध विद्यार्थ्याला नकाशे, आकृत्या, आलेख यांच्या प्रश्नांतून सवलत मिळते, पर्यायी प्रश्न दिला जातो. सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि आजच्या घडीला ती काढून घेणे क्रूरपणाचे ठरेल. पण तिचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. दहावीपर्यंत ज्याच्या हाताला कधी नकाशाच लागला नाही, तो पुढे नकाशा मागतही नाही. भूगोलाच्या वर्गात कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही नावे तो घडाघडा म्हणतो. त्या कुठे एकमेकींना मिळून पंचगंगा होते, हे प्रयाग चिखलीच्या संगमावर जाऊनही त्याच्या बोटाला कळलेले नसते. मागणी नाही म्हणून नकाशे बनत नाहीत आणि नकाशे नाहीत म्हणून मागणी होत नाही.

मग हमखास येणारा सवाल : किती लोकांसाठी एवढा खटाटोप? २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांवर नोंदली गेली, महाराष्ट्रात सुमारे पावणेसहा लाख. त्यात मोतीबिंदू पिकत आलेले आजोबा फारसे मोजलेले नाहीत आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष तर मुळीच नाहीत. यातल्या अनेकांना स्क्रीन रीडर नको, फक्त रेषेवर नाव हवे. निळी रेषा सलग आणि लाल रेषा तुटक काढली, दोन्हींवर जागोजागी '२५ वर्षे', '१०० वर्षे' असे लिहिले, तर छापील नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्सही वाचता येईल. तलाठ्याच्या कार्यालयात आजही रंगीत झेरॉक्स मिळत नाही, हे विसरून कसे चालेल?

कायदा तर केव्हाच झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४२ वे कलम सांगते, की ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य रूपात मिळेल हे सरकारने पाहावे. भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १७८०२' आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. माहिती निव्वळ रंगावर अवलंबून ठेवू नये, हा नियम आंतरराष्ट्रीय निकषांत कधीपासून आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत असल्याचे सांगितले आणि ते बंधनकारक करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल बँकांच्या केवायसीबद्दलचा होता. पण बँकेत खाते उघडताना जो हक्क आहे, तो घरात पाणी शिरेल का हे विचारताना नसेल, असे कोणता वकील म्हणेल?

वर्तमानपत्रांनीही इथे फक्त सरकारकडे बोट दाखवू नये. निवडणूक निकालाचे रंगीत नकाशे, अर्थसंकल्पाचा 'रुपया असा आला' हा गोल, धरणसाठ्याचे स्तंभ, हे सारे मराठी दैनिके संकेतस्थळावर चित्र म्हणूनच चढवतात, बहुधा मथळाही चित्रातच ठेवून. अंध वाचक आहेतच कुठे, असे वाटत असेल तर स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाकडे पाहावे. छपाईच्या खर्चाला न घाबरता एक माणूस जे करू शकला, त्याच्या पासंगालाही न पुरणारे काम, म्हणजे चित्राखाली चार ओळी टाइप करणे, ते मोठ्या संपादकीय विभागांना जमू नये?

कोल्हापुरापुरते बोलायचे, तर पूररेषेच्या नकाशाला शब्द देणे अजिबात अशक्य नाही. गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकायचा आणि उत्तर एका वाक्यात यावे : 'ही मिळकत निळ्या रेषेच्या आत आहे', 'निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान आहे' किंवा 'दोन्हींच्या बाहेर आहे'. सोबत राजाराम बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना त्या गल्लीत पाणी येते, हा आकडा. हा आकडा आजही अस्तित्वात आहे, तो गल्लीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. दोन महापुरांच्या नोंदींवरून तो तपासून घेता येईल. जवळचे निवारा केंद्र कोणते, तिथे जाणारा कोणता रस्ता किती फुटांनंतर बंद होतो, हेही ओळीत लिहिता येते. हे उत्तर अंध माणसाला फोनवर ऐकता येईल, मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाला आईला फोनवर वाचून दाखवता येईल आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्याला रात्री दोन वाजता ध्वनिवर्धकावरून पुकारता येईल.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयात पूर्वतयारीची बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, धान्याचा साठा किती, याचा हिशेब तिथे मांडला जातो. त्याच यादीत आणखी एक बाब घालायला फारसा खर्च नाही : पुराची माहिती देणारे प्रत्येक पान आणि अॅप बैठकीआधी एखाद्या अंध वापरकर्त्याने, मानधन घेऊन, एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर चालवून पाहावे आणि अडले तिथे लिहून द्यावे. पुढचा नकाशा बनवण्याची निविदा निघेल, तेव्हा तो लेखी अहवाल आल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढायचे नाही, एवढे कलम त्यात असावे.